वीस केस, मुळांसकट

९ एप्रिल, तिसरा दिवस

धाकटीस,

यापुढे मला चिंगी म्हणायचं नाही, असं फाटकाबाहेर पडताना तू बजावलं होतंस. पाच वर्षं झाली, मी शब्द पाळलाय. म्हणून नुसतं 'धाकटी'. सोबत थोरल्या बहिणीचा आशीर्वाद आहे, नको असेल तर परत पाठव.

बातमी अशी की सरदारला मुलगा झाला. तीन दिवसांपूर्वी, भर दुपारी, मी जेवायला बसले असताना. राणीसरकारने आवाज केला नाही की धडपड केली नाही. मी हात धुऊन येईपर्यंत तिने कारभार उरकला होता. शर्टाचं बटण तुटून पडावं तसं शिंगरू पेंढ्यात पडलं होतं, आणि खरं सांगते, पहिली दोन मिनिटं मला ते सापडलंच नाही. म्हणून त्याचं नाव बटण.

सरदार स्वतः गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी गेला. पोटदुखीने. तुझ्या कानावर आलं असेलच. नसेल तर आता आलं. त्यावर आज बोलायचं नाही.

बाबांचा नियम तू विसरली नसशील, कारण तो तुझ्याकडून पाठ करून घेताना मीच तुझ्या पाठीत धपाटे घातलेत. शिंगराकडे बघायचं ते तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात आणि तिसऱ्या वर्षी. मधल्या काळात चारा घालायचा, पाणी द्यायचं आणि मान वळवायची. मधेच बघणारा एक तर उगाच हुरळतो, नाही तर उगाच घाबरून जनावर विकून टाकतो. तर आज तिसरा दिवस. मी हात स्वच्छ धुतले, चष्मा पुसला आणि बघितलं.

धाकटे, काय सांगू! चारही पाय सरळ. कपाळ रुंद, पण फुगीर नाही. वरचा जबडा आणि खालचा जबडा टाळी द्यावी तसे समोरासमोर. मान लांब, पाठ आखूड. बाबांची गाठी मारलेली दोरी काढून गुडघ्याखालची नळी मोजली. पुरा वाढला तरी बत्तीस इंचांच्या वर जायचा नाही, आपल्या चिमुकल्या जातीला हवा तसा. आणि मुख्य म्हणजे प्रमाण. बाबा म्हणायचे ना, आपलं जनावर लहान दिसता कामा नये, लांब उभं असलेलं मोठं जनावर वाटलं पाहिजे. हा तसाच. त्याचा फोटो काढला आणि शेजारी बादली नसली, तर शर्यतीचा घोडा म्हणून खपेल. टपाल आणणारी नवीन बाई फाटकातून डोकावून म्हणाली, "अय्या, कुठल्या जातीचं कुत्रं हो हे?" तिला मी चहा विचारला नाही.

संध्याकाळी बापाचा ब्रश मुलाला दिला. बाबांची रीत मी मोडलेली नाही. घोडा गेला की त्याचा आयाळीचा ब्रश धुवायचा नाही, त्याच्या मुलासाठी तसाच खुंटीला टांगायचा. तो अंगावरून फिरवला तर पठ्ठ्याने डोळे मिटून घेतले.

सरदारबद्दल तू गिऱ्हाइकांसमोर जे बोललीस ते मी विसरलेले नाही. 'याच्या रक्तात खुजेपणा आहे ताई, याला पैदाशीला लावू नकोस.' मीही त्या दिवशी काही कमी बोलले नाही. पण आता ये आणि दाखव, कुठे आहे खुजेपणा!

बाकी तबेला होता तसाच आहे. फक्त चार नंबरचा खण बंद असतो. जुने साज टाकलेत त्यात.

तुझी ताई


२७ एप्रिल, तिसरा आठवडा

धाकटीस,

तुझं उत्तर नाही. चालेल. मी काही उत्तरासाठी लिहीत नाही, बढाई मारण्यासाठी लिहिते, आणि त्याला एकच माणूस पुरतं.

बटण धावतो! नुसता हुंदडत नाही, पाय उचलून धावतो. मागचा पाय पुढच्या पावलावर बरोब्बर पडतो. आज त्याने आईच्या पोटाखालून एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचा खेळ शोधून काढला आणि राणीसरकारने मोठ्या घराण्यातल्या बाईसारखं तिकडे लक्षच दिलं नाही.

शेजारचे सोनेरी चष्मावाले बघायला आले होते. तुला आठवतात ना, घोडी विकत घेण्याआधी तिच्या दातांशी बोलतात ते. बटणला चारी बाजूंनी बघून झाल्यावर म्हणाले, "चार वर्षं तुमच्या सरदारचं एकही शिंगरू नाही आणि मग एकदम हे रत्न! थकला होता का हो म्हातारा?" मी म्हटलं, "हो, थकला होता."

थकला कसला! गेल्या मे महिन्यात एकवीस वर्षांचा हा म्हातारा, आयाळीत पांढरे केस आलेला, फाटकाच्या खालच्या दांडीखालून पोटावर सरपटत राणीसरकारकडे गेला. मी खराट्याने हाकलेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता मी त्याला फाटकापलीकडे का ठेवला होता, ते आज विचारू नकोस.

एक गोष्ट सहज कानावर घालते. नोंदणी मंडळाने नवा फतवा काढलाय. पैदाशीच्या घोड्याची तिसऱ्या वर्षी तपासणी होतेच, पण आता त्याआधी केसांवरून रक्ताची परीक्षा हवी. पाय आणि जबडा वाकडा करणारा खुजेपणाचा दोष लपून बसलेला निघाला तर घोडा बाद. त्याला खच्ची करून मुलांच्या गाडीला जुंपा. सरदारचा दुसरा एकही मुलगा पैदाशीला शिल्लक नाही. बाबांनी चाळीस वर्षं निवडून निवडून जे घडवलं ते आता या बटणावर येऊन थांबलंय.

आणि ही परीक्षा करणारी साऱ्या मुलखात एकच प्रयोगशाळा. तिच्या दारावर पाटी कुणाची, ते मी तुला सांगायला नको.

मी काही मागत नाहीये. सहज लिहिलं.

ताई


२५ मे, न बघण्याचे दिवस

धाकटीस,

मी बघितलं.

नियम मोडला. माशा फार झाल्या म्हणून त्याचा चेहरा पुसायला वाकले आणि बघितलं. सातव्या आठवड्यात कोणतंही शिंगरू भयंकर दिसतं, हे मी शंभर लोकांना शंभर वेळा सांगितलंय. मागचा भाग पुढच्यापेक्षा तीन बोटं उंच, बाळकेस झडून अंग उंदराने कुरतडलेल्या गालिच्यासारखं, मान कुठे गेली ते कळत नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. पण मला त्याचं कपाळ फुगीर वाटलं. खालचा जबडा अर्धा दाणा पुढे आल्यासारखा वाटला. मी तीन वेळा बघितलं, तीन वेळा वेगळं दिसलं.

आता चार नंबरच्या खणाचं सांगते. सांगायचं नाही म्हणून चार वर्षं गप्प बसले, पण आता पोटात राहत नाही.

तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी त्या खणात मावशीला सरदारपासून मुलगी झाली. मावशी म्हणजे आपली ती करडी घोडी, तुझा डबा पळवायची ती. मुलीचं कपाळ वाडग्यासारखं वर आलेलं, खालचा जबडा पुढे, पाय आखूड आणि वाकडे. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. उभी राहू शकत नव्हती, म्हणून मी तिला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होते. डोळे मात्र टपोरे, अगदी चांगल्या घोड्याचे. ती अकरा दिवस जगली. तिला नाव वगैरे ठेवलं नाही. लोकांना सांगितलं, मेलेलंच जन्मलं. मागच्या कुंपणापाशी मी एकटीने खड्डा खणला.

तू बरोबर होतीस.

हे तीन शब्द लिहायला मला पाच वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर बघते तर आकाश जागच्या जागी आहे.

त्या दिवसापासून सरदारला मी फाटकापलीकडे ठेवला. गिऱ्हाइकं आली, विनवण्या केल्या, मी नाही म्हटलं. म्हणजे तुझं म्हणणं मी तबेल्यात मान्य केलं होतं, फक्त तुला सांगितलं नव्हतं. माझी जीभ कशी आहे ते तुला माहीत आहे. पुढे जाताना घोडदौड आणि मागे येताना लंगडी.

तर आता मागते. बटणची परीक्षा कर. सोबत त्याचे केस आहेत, नीट विंचरून, बारीक कात्रीने कापून, लाल दोऱ्याने बांधून.

ताई


८ जून

धाकटीस,

तुझ्या प्रयोगशाळेचा छापील कागद मिळाला. 'नमुना अपात्र. केस कापलेले आहेत. परीक्षा केसाच्या मुळावर होते. वीस केस, मुळांसकट, जाड कागदाच्या पाकिटात पाठवावेत.' वर माझा लाल दोराही परत! सरकारी माणसंसुद्धा एवढी चोख नसतात.

पण कागदाच्या पाठीवर पेनने एक ओळ होती. 'तिला दूध गिळता येत होतं का?'

अक्षर ओळखलं. मी तो कागद घेऊन पायरीवर बसले, आणि दुपारचं पाणी घोड्यांना अर्धा तास उशिरा मिळालं.

येत होतं. पहिले आठ दिवस छान येत होतं. नवव्या दिवसापासून नाकातून परत यायला लागलं. तू असतीस तर काही वेगळं झालं असतं का, हे मी मनात पुष्कळदा विचारलंय. उत्तर 'नाही' असेल तर मला कळव. 'हो' असेल तर राहू दे.

आता केसांचं. बटणची आयाळ म्हणजे पिसासारखी लव, बोटभर. चिमटीत धरून उपटली की मधेच तुटते, मूळ आतच. आठ वेळा प्रयत्न केला. त्यानंतर मी चिमटीत बोटं घेऊन आले की तो आईच्या पलीकडे जातो, आणि आई मला दात दाखवते. पण मी कुणाची मुलगी! अखेर वीस जमवले, एकेकाला टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं मूळ, आणि बटणच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. युक्ती माझी मला. पाकीट जाड कागदाचं आहे.

ताई


६ जुलै, तिसरा महिना

धाकटीस,

निकाल मिळाला. 'वाहक.' एकच शब्द, खाली शिक्का. स्वतःत दिसणार नाही, पण पुढे देत राहील. या वेळी पाठीमागे ओळ नव्हती. समजू शकते मी. काय लिहिणार होतीस?

योगायोग बघ, निकाल आला तो बरोबर तिसऱ्या महिन्यात, म्हणजे बघायच्या दिवसांत. मग मी बघितलं. नियम पुरा करायचा म्हणून.

जुने केस सगळे झडले आहेत आणि खालून काळाभोर, तेल लावल्यासारखा घोडा बाहेर आलाय. कपाळ सपाट. जबडा जुळलेला, त्या दिवशी माझ्या भीतीलाच दात फुटले होते. उभा राहिला की मान अशी धरतो, जसं काही कुणी त्याचं चित्र काढतंय. बाबांच्या नजरेतून बघितलं, तुझ्या नजरेतून बघितलं, सोनेरी चष्म्यातून बघितलं. एकही खोट नाही. तीस वर्षांत इतकं चांगलं शिंगरू मी पाहिलेलं नाही. आणि आत तीच गोष्ट दडून बसलेली, जी त्याच्या बापात होती.

मी वाद घालणार नाही. मागच्या वेळी घातला त्याचं फळ मागच्या कुंपणापाशी पुरलंय. गुरुवारी सकाळी दहाला डॉक्टर येतील आणि बटणला खच्ची करतील. तो माझ्याकडेच राहील, छोट्या गाडीला चालेल, मुलं त्याचे लाड करतील. बाबांची ओळ इथे संपते. दुसऱ्या कुणाची मावशी आणि दुसऱ्या कुणाची अकरा दिवसांची पोर होण्यापेक्षा ती इथेच संपलेली बरी.

मी रडले नाही. बरं, रडले. पण दाणे दळून झाल्यावर.

ताई


११ जुलै

धाकटीस,

काल तू फोन ठेवलास आणि मग मला बोलायचं ते सगळं आठवलं. पाच वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि मी काय म्हटलं असेल, तर "डॉक्टर हात धुतायत, नंतर कर!"

बरं झालं तू ऐकलं नाहीस. तुझा तो आवाज! लहानपणी विहिरीत बादली पडली की अशी ओरडायचीस.

"ताई, डॉक्टरांना थांबव! आत्ता! आधी थांबव, मग बोल!"

"अगं, पण निकाल..."

"निकाल गेला खड्ड्यात. मी आत्ता उरलेला नमुना बघितला, कारकुनाने कागदाला चिकटवून ठेवलेला. वीस केस पाठवलेस ना तू? त्यातले चार पांढरे आहेत! वीतभर लांब! तीन महिन्यांच्या शिंगराला म्हातारपण आलंय का तुझ्याकडे?"

मग तू अगदी हळू विचारलंस, "ताई, केस कुठून घेतलेस?"

ब्रशमधून. कुठून घेणार! बटणची लव तुटत होती, तो ओरडत होता, आणि खुंटीवरच्या ब्रशात केस भरलेले, छान मुळांसकट. तो ब्रश रोज बटणच्या अंगावरून फिरतो, म्हणजे केस बटणचेच, असं माझ्या शहाण्या डोक्याने धरलं. न धुता मुलाला द्यायचा ही रीत मीच तुला पहिल्या पत्रात कौतुकाने लिहिली, आणि मीच विसरले. मी सरदारचे केस पाठवले होते. तू आठ महिन्यांपूर्वी मेलेल्या घोड्याची परीक्षा केलीस.

डॉक्टर मागे उभे राहून सगळं ऐकत होते. मी फोन कानाला तसाच धरून हसायला लागले, मग रडायला, मग दोन्ही. तू पण तिकडे नाक ओढत होतीस, नाही म्हणू नकोस, मला ऐकू आलं. मग एकदम वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सुरात म्हणालीस, "आता मी सांगते तसं करायचं. शेपटीतून घ्यायचे. मुळाशी बोटाला गुंडाळून एका झटक्यात. तू नाही, डॉक्टर घेतील. पाकिटावर त्यांची सही पाहिजे." माझ्यावर इतकाही विश्वास नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं. तू परत आली आहेस असं वाटलं.

पाकीट कालच रवाना केलं. डॉक्टर जाताना म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा मी सुरी घेऊन आलो आणि केस घेऊन गेलो."

एक मात्र झालं. सरदार वाहक होता, हे आता शिक्क्यानिशी कागदावर आहे. पाच वर्षांपूर्वी तू नुसत्या नजरेने सांगितलं होतंस, कसलाही कागद नसताना. घरात बाबांची नजर कुणाकडे आली, यावर मी उगाच इतकी वर्षं मिरवत होते.

बटणचं काय निघेल? तू म्हणालीस, राणीसरकार स्वच्छ असेल तर नाणं उडवल्यासारखं आहे. मी नाणं उडवलं नाही. दोनदा हातात घेतलं आणि परत ठेवलं.

ताई


२६ जुलै

मोकळा! मोकळा! मोकळा!

टपालवालीच्या हातातून पाकीट ओढून तिथेच फाडलं, आणि तिला मिठी मारली, आणि चहा दिला, आणि बटण दाखवला. ती म्हणाली, "अय्या, हा तर घोडा आहे!" मी म्हटलं, बाई, नुसता घोडा नाही, पैदाशीचा घोडा आहे!

पाठीमागची तुझी ओळ वाचली. 'पुढच्या महिन्यात चार दिवस रजा घेतली आहे. बटणला बघायला येते. फक्त बटणला.' ये. फक्त बटणला बघ. मी तबेल्याच्या मागे उभी राहीन हवं तर.

ताई


९ एप्रिल, तिसरं वर्ष

धाकटीस,

तू आज हवी होतीस. त्या तुझ्या परिषदेला नेमका हाच दिवस सापडला. तीन वर्षं येऊन त्याला हाताळलंस, खूर उचलायला शिकवलंस, आणि मिरवायच्या दिवशी तू तिकडे भाषण ऐकत बसलेली. म्हणून सगळं सविस्तर लिहिते, एकही शब्द गाळत नाही.

तपासणीचं दालन भरलेलं होतं, पस्तीसेक पैदासकार तरी असतील. मोजणीवाल्या बाई कडक. त्यांनी बटणला सपाट फरशीवर उभा केला, चारही खूर सरळ रेषेत आहेत ना ते वाकून बघितलं, आणि मापाची काठी आयाळीच्या शेवटच्या केसापाशी टेकवली. काही जणांचे घोडे काठी लागली की पाठ खाली दाबतात. तसं शिकवलेलं असतं त्यांना. आपला बटण उलट ताठ झाला, जणू त्याला उंच दिसायचं होतं. तरीसुद्धा साडेएकतीस! बाबांची दोरी अर्ध्या इंचाच्या आत बरोबर.

मग दात, मग जबडा, मग पाय. मग पळवून बघितला. मी त्याच्याबरोबर पळाले, या वयात, या गुडघ्यांनी. लोक बोलायचे थांबले. तुला माहीत आहे, या धंद्यातली माणसं दुसऱ्याच्या घोड्याला चांगलं म्हणत नाहीत, फक्त गप्प बसतात. आज सगळं दालन गप्प होतं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, परत बटणकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "मी अकरा वर्षं मोजतेय. असा नाही मोजला."

इथे थांबले असते तरी चाललं असतं. शिक्का तयार होता. पण कारकुनाने नोंदवही उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारतात आणि ज्याचं सगळे एकच उत्तर देतात. "बापाच्या संततीत कधी दोष आढळला?"

त्या क्षणी मला तू शेजारी हवी होतीस. 'नाही' म्हणणं किती सोपं होतं. बटणचा निकाल स्वच्छ होता, सरदार मेलेला, आणि कुंपणापाशी आता गवत उगवलंय. कुणाला कळणार होतं? आणि 'हो' म्हटलं तर बाबांच्या चाळीस वर्षांच्या नावाचं काय होईल, हेही दिसत होतं.

मी म्हटलं, "हो. एक. मादी. अकरा दिवस जगली. मी ती लपवली होती. बाप वाहक होता, त्याचा कागद हा घ्या. मुलगा मोकळा आहे, त्याचा कागद हा घ्या."

बाईंनी दोन्ही कागद वाचले. मग चष्मा काढून म्हणाल्या, "या वहीत ही पहिली खरी नोंद आहे." आणि शिक्का मारला. असा मारला की टेबल हललं! बटण दचकून खिंकाळला, आणि मग टाळ्या, धाकटे, टाळ्या! सोनेरी चष्मावाल्यांच्यासुद्धा!

पण खरी मजा पुढेच आहे. मी बटणला पाणी पाजत होते तर सोनेरी चष्मावाले आले. इकडेतिकडे बघितलं. म्हणाले, "ताई, ती प्रयोगशाळा... पत्ता मिळेल का? म्हणजे सहज विचारतो."

मी विचारलं, "कितव्या नंबरचा खण?"

त्यांचा चेहरा पडला. "सात," म्हणाले. "दोन वर्षं झाली. घरात बायकोलासुद्धा बोललो नाही."

त्यांच्यामागून आणखी एक आले. मग एक नवराबायको, दोघं एकमेकांना न सांगता वेगवेगळे आले! दालन रिकामं होईपर्यंत मी नऊ जणांना तुझा पत्ता लिहून दिला. सगळ्यांना बजावलं, वीस केस, मुळांसकट, शेपटीतून, आणि ब्रशातून घ्याल तर याद राखा. बाबांचं नाव बुडेल म्हणून मी सात वर्षं लोकांसमोर तोंड शिवून बसले होते, आणि आज पहिल्यांदा लोक त्या नावाशी खरं बोलायला आले.

आता शेवटचं. कारकून म्हणाला, दोष असलेल्या शिंगराचीही नोंद करायची तर नाव लागतं, रकाना रिकामा चालत नाही. मी तुला लिहिलं होतं, तिला नाव ठेवलं नाही. खोटं लिहिलं होतं. एवढी एकच थाप उरली होती, तीही आज संपवते. तू त्या फाटकातून गेलीस त्याला तेव्हा वर्ष व्हायचं होतं, घरात हाक मारायला कुणी नव्हतं, आणि मांडीवर टपोऱ्या डोळ्यांचं ते एवढंसं जनावर. मला दुसरं नाव सुचलंच नाही. अकरा दिवस मी तिला त्याच नावाने हाक मारली आणि प्रत्येक वेळी तिने कान हलवले.

ते नाव आज पक्क्या शाईने वहीत लिहिलं गेलंय. बापाचं नाव सरदार, आईचं नाव मावशी. ते आता कुणाला खोडता येणार नाही.

रागावणार असशील तर समक्ष येऊन रागाव. चार नंबरचा खण मी झाडून, धुऊन उघडा केलाय. बटण आजपासून तिथे राहतो. येताना जाड कागदाची पाकिटं घेऊन ये, निदान पन्नास. आणि फाटकातून आत पाऊल टाकताना कान उघडे ठेव, कारण या वेळी मी सगळ्या तबेल्याला ऐकू जाईल अशी हाक मारणार आहे, चिंगे.

तुझी ताई